मिसळीच्या भावातलं लेन्सचं पेन

कोल्हापुरात स्टँडच्या बाहेर एक माणूस छत्रीखाली मोबाईलची कव्हरं, चार्जर असलं इकत बसतो. त्येच्याकडनं मी ते पेन घेतलं. लिवायचं पेन न्हवं. लिवायचं पेन घिऊन मी काय करणार? माझी शाळा चौथीत सुटली. मी शाळा सोडली का शाळंनं मला सोडलं, ह्यावर आमच्या घरात अजून भांडण हाय. हे कॅमेऱ्याची काच पुसायचं पेन. एका टोकाला बारका ब्रश, धूळ झाडायला. दुसऱ्या टोकाला काळी गादी, बोटाचं डाग पुसायला. कॅमेऱ्याच्या मोठ्या दुकानात हेच पेन मी बगितलं हुतं. काचंच्या कपाटात, देव बसवावा तसं बसवलेलं. किंमत इचारली आन् हात मागं घेतला.

छत्रीवाला म्हणला, "पावणं, ह्यो त्या ओरिजिनलचा सख्खा भाऊ हाय."

मी म्हणलं, "मग एवढा स्वस्त कसा?"

"धाकटा हाय की!"

मला ते एवढं पटलं की मी भाव बी केला न्हाई. एका मिसळीच्या पैशात लेन्सचं पेन! त्यानं खोक्यावर फुंकर मारली तर ढग उठला. काच साफ करायच्या वस्तूवरच एवढी धूळ कशी, हे तवा माझ्या डोस्क्यात आलं न्हाई. माझ्या डोस्क्यात इचार यष्टीगत येत्यात. येत्यात नक्की, पण माणसं वडापच्या जीपनं निघून गेल्यावर.

मी लग्नाचं फोटो काडतो. मुरगूडच्या अलीकडं आमचं गाव. आधी मी मांडववाल्याच्या टेंपोवर हुतो. खुर्च्या उतरायच्या, लग्न लागलं की परत चढवायच्या. त्या लग्नांत फोटो काडायला मुरगूडचं एक म्हातारं गृहस्थ असायचं. समदी माणसं त्यास्नी चाचा म्हणायची, मी बी म्हणायचो. एकदा त्येंचा लाईट धरणारा गडी आला न्हाई. मी खुर्ची टाकली आन् लाईट धरला. मी अंगानं हा असा, उसाच्या वाळक्या पाल्यागत. चाचांनी कॅमेऱ्यातनं डोळा काडला आन् म्हणालं, "क्या पैलवान, तू लाईट धरलायस का लाईटनं तुला धरलंय?"

तवापासनं मी पैलवान. टेंपो सुटला, कॅमेरा हातात आला. फोकस म्हंजे काय, ऊन कुठल्या अंगाला घ्यायचं, नवरीच्या आत्याला मधी कसं उभं करायचं, सगळं चाचांनी शिकवलं. आता त्येंचं हात थरथरत्यात. च्याचा कप बशीत ठेवताना टाळ वाजल्यागत वाजतो. म्हणून दोन वर्सं झाली, त्येंच्याकडं येणारी कामं ते माझ्याकडं लावून देत्यात.

चाचांची एक लेन्स हाय. बुटकी, जाड, जड. तिच्यातनं माणसाचा चेहरा असा निघतो की बगणारा म्हणतो, ही आमचीच म्हातारी का? मागचं मांडवाचं बांबू, पाण्याचा टँकर, जेवायला घुसल्याली माणसं, सगळं लोण्यागत इरघळून जातं. ती लेन्स चाचांनी कवा कुणाच्या हातात दिली न्हाई. टोपण सुदिक ते एकटंच काडायचं, आन् काडलं की लेन्स लगीच कॅमेऱ्याला लावून डोळ्याला. पुसायची झाली तर दुसऱ्या खोलीत जाऊन पुसायचं. आमी म्हणायचो, म्हाताऱ्याचा जीव हाय त्या काचंत.

परवाच्या साली चाचांच्या धाकट्या लेकीचा निकाह ठरला. रविवारचा. बुधवारी त्येंनी मला बोलावलं आन् ती लेन्स पांढऱ्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"थोरल्या दोघींचं फोटो मी काडलं," चाचा म्हणालं. "हिचं माझ्या हातनं व्हायचं न्हाईत. हात तुझा असू दे. पण काच माझी पायजे. बापानं बगितलं असं झालं पायजे, बघ."

मी मान हलवली.

"चार दिस सराव कर. घरच्यांचं काड, म्हशीचं काड. पण गुलालात न्यायची न्हाई. गुलाल काचंला वैरी."

मी म्हणलं, "चाचा, मी काय खुळा हाय काय?"

गुरुवारी मी ती गुलालात नेली.

त्येचं असं झालं, आमच्या गावच्या पंचायतीचा निकाल त्याच दिवशी लागला. निवडून आलेला माझा दोस्त. दुपारी फोन आला, "ये की लेका, चार फोटो काड." माझा रोजचा कॅमेरा, रोजची लेन्स घिऊन गेलो असतो तर ही गोष्ट हितंच संपली असती आन् तुमचा येळ वाचला असता. पण मला वाटलं, एक फोटो चाचांच्या लेन्सनं काडावा. एकच. दोस्त हारात, मागं सगळी गर्दी इरघळल्याली. गावाला कळू दे, टेंपोवरचा गडी कुठं पोचलाय ते.

आमच्याकडं गुलाल मुठीनं उधळत न्हाईत. जेसीबीनं उधळत्यात. चौकात जेसीबी उभा, त्येच्या बकेटात दोन पोरं आन् पोती. मी बेस लांब उभा हुतो. डोळा लावला, दोस्त हसला, बटण दाबलं. एक झालं. म्हणलं, अजून एक. तवर कुणीतरी वरडलं, "फोटोवाल्यावर टाका रं, ह्यो कोराच राहिलाय!"

बकेट माझ्याकडं वळलं.

त्याच्याफुडं मला दोन मिंटं काय दिसलं न्हाई. डोळं उघडलं तवा मी डोस्क्यापासनं पायापतूर गुलाबी. माणसं नाचत्यात, हलगी वाजतीय, आन् मी कॅमेऱ्याकडं बगतोय. लेन्सच्या काचंवर गुलालाचा असा थर की त्यात भेंडीचं बी टाकलं असतं तर उगवलं असतं.

दिस मावळायच्या आधी घरी आलो. बायको दारात उभी. म्हणली, "निवडून कोण आलंय? तुमी?"

मी सरळ आत गेलो, पेटीतनं ते मिसळीचं पेन काडलं. मनात म्हणलं, देवानं ह्याच दिसासाठी घ्यायला लावलं. ब्रशचं टोक भायेर काडलं आन् झाडायला लागलो. धूळ थोडी गेली, पण ब्रशचं केसच गळायला लागलं. दोन केस काचंवर, एक माझ्या तोंडात. बरं म्हणलं, ब्रश ऱ्हाऊ दे, गादीनं पुसू. टोपण काडलं, काळी गादी काचंवर ठेवली आन् चाचा ताटलीतनं शीरखुर्मा पुसून घ्यायचं तशी गोल गोल फिरवायला लागलो.

गुलाल ओलसर घामट झाला हुता. गादीवरची काळी भुकटी आन् गुलाल एक झालं. काचंवर चिखल तयार झाला. जोर लावला. तर गादी खालनं सुटली आन् आतनं खर्र असा आवाज आला. बारकाच. गादी डिंकानं चिकटवल्याली हुती, ती निघून गेली हुती आन् मी उघड्या प्लॅस्टिकनं चाचांची काच घासत हुतो.

बायको मागं येऊन उभी हुती. तिनं बगितलं आन् सरळ सांगितलं, "अवो, गुलाल हाय न्हवं? खोबरेल लावा की. गुलाल तेलाशिवाय कवा निघालाय?"

आता तुमी हसा. पण आमच्यात गुलालाला जायच्या आधी माणूस तोंडाला, केसाला खोबरेल चोपडतो. आल्यावर परत खोबरेल चोळतो, गुलाल सुटतो. लहानपणापासनं हेच करत आलोय. चेहऱ्याला चालतं ते काचंला का चालू नये? काच तर चेहऱ्यापेक्षा गुळगुळीत. मी बोटावर दोन थेंब घेतलं आन् चाचांच्या लेन्सला लावलं. नुसतं लावलं न्हाई, नीट मुरवलं.

गुलाल निघाला. खरंच निघाला. बायको म्हणली, "बगितलंसा?" आन् भाकरी थापायला गेली.

मी कॅमेरा लावला आन् चुलीपाशी तिचाच फोटो काडला. तिनं हात पुसून बगितला. म्हणली, "माज्याभवती एवढं धुकं कशाला घातलंय? आंबोलीला नेलंय का मला?"

लेन्स उजेडाला धरली. काचंवर तेलाचं इंद्रधनुष्य पडलं हुतं. ते बी चाललं असतं. पण तिरकं धरलं तवा वरच्या कडेपासनं मधापतूर एक वरखडा दिसला. लांब, सरळ, नांगराच्या तासागत. मी खाली बसलो. भाकरी खाल्ली न्हाई. मी भाकरी सोडली म्हंजे आमच्या घरात माणसं डॉक्टरला फोन लावायचा इचार करत्यात.

रातभर एकच इचार. काय सांगायचं? लेन्स पडली म्हणावं? पडली तर काच फुटती, वरखडा पडत न्हाई. मांजरानं वरबाडली म्हणावं? आमच्याकडं मांजर न्हाई. आणावं लागंल. न सांगता रविवारी फोटो काडावं आन् लेन्स टोपण लावून परत द्यावी? पण ते फोटो! म्हाताऱ्याच्या लेकीच्या तोंडावर धुकं आन् मधनं नांगराचा तास. लग्न परत लागत न्हाई. खुर्च्या परत मांडता येत्यात, निकाह न्हाई.

सकाळी बायको म्हणली, "आज शुक्रवार. अजून दोन दिस हायती. जावा आन् खरं सांगा. ते मारतील तरी डोळं तुमचं शाबूत ऱ्हातील, रविवारच्या आधी दुसरी लेन्स तरी हुडकता यील." माझ्या घरात अक्कल हाय. माझ्याकडं न्हाई, पण घरात हाय.

मुरगूडला चाचांच्या दारात मांडव घालायचं चाललं हुतं. भितीला नवा चुना. चाचा खुर्चीवर बसून मांडववाल्याला शिव्या देत हुतं. मला बगून म्हणालं, "आव पैलवान! सराव झाला का?"

मी म्हणलं, "झाला."

"म्हशीचा काडलास?"

"म्हशीपतूर गेलोच न्हाई, चाचा."

तेवढ्यात त्येंची लेक च्या घिऊन आली. हाताला मेंदी काडायची राहिली हुती, म्हणून शेवटचं काम करून घेत हुती. म्हणली, "दादा, माझं फोटो नीट काडा हां. थोरल्या दोघींचं अब्बांनी काडलंत, मला रोज चिडवत्यात त्या. म्हणत्यात, तुला टेंपोवाला मिळाला."

मी हसलो. ते हसू माझ्या तोंडावर चिकटूनच बसलं, काय केल्या निघंना. ती आत गेली. च्या थंड झाला. चाचांनी एकदा कपाकडं बगितलं, एकदा माझ्याकडं.

"काय केलंस?" ते म्हणालं.

माणूस आपल्याला एवढा वळखत असला म्हंजे लबाडी करायची सोयच ऱ्हात न्हाई. मी पांढरं फडकं काडलं, लेन्स त्येंच्या मांडीवर ठेवली आन् सगळं सांगितलं. जेसीबी, बकेट, छत्रीवाला, धाकटा भाऊ, खर्र. तेलाचं तेवढं गाळलं. म्हणलं, माणसानं थोडी तरी अब्रू ठेवावी.

चाचांनी टोपण काडलं. लेन्स नाकापाशी नेली. परत नेली. मग माझ्याकडं बगितलं.

"क्या रे, खोबरेल?"

मी खाली बगितलं.

"काचंला खोबरेल लावलंस? वेणी घालायची हुती का तिची? गजरा आणला न्हाईस?"

मांडववाला बांबू सोडून हसायला लागला. चाचांनी त्येला एक शिवी घातली आन् मला म्हणालं, "चल आत."

आतल्या खोलीत त्येंनी एक पत्र्याचा डबा काडला. इतकी वर्सं मला कवा उघडून न दाखवल्याला. आत काय असंल म्हणून मी लई इचार केलता. आत हुता एक रबराचा फुगा, मेडिकलमधला, कान धुवायचा. एक मऊ ब्रश कागदात गुंडाळलेला. धुऊन धुऊन झिरझिरीत झाल्यालं मलमलीचं तुकडं. आन् लेन्स पुसायच्या पाण्याची एक बारकी बाटली. संपलं.

"माझं हात ऱ्हाऊ देत," चाचा म्हणालं. "तूच कर. मी सांगतो तसं."

आधी फुगा. काच खाली तोंड करून धरायची आन् फस्स फस्स हवा मारायची, कण आपल्या आपण खाली पडू द्यायचं. "कण हाय तवर फडकं लावायचं न्हाई," ते म्हणालं. "तू गुलालाचा कण काचंवर ठिऊन वरनं रगडलंस. मसाला वाटतात तसा." मग ब्रश, नुसता हलका. मग फडक्याला एक थेंब पाणी, काचंला न्हवं, फडक्याला. मधनं सुरू करून भायेर न्यायचं. तुकडा टाकायचा, नवा घ्यायचा. सात तुकडं गेलं. पैला गुलाबी निघाला, दुसरा काळा, तिसऱ्याला आमच्या न्हाणीघराचा वास.

आठव्याला काच दिसाय लागली. इंद्रधनुष्य गेलं. धुकं गेलं. मला वाटलं, सुटलो. आन् तिरकी धरली तर तो वरखडा तितंच. वरच्या कडेपासनं मधापतूर. जास्तच ठळक.

मी बोट दाखवलं. म्हणलं, "चाचा, ह्यो. ह्यो मी केलाय."

चाचांनी लेन्स खिडकीपाशी नेली. बगितली. मग दाराकडं गेलं, दार लोटून घेतलं. मला वाटलं आता मारत्यात.

ते पलंगावर बसलं आन् हळूच म्हणालं, "ह्यो तुझा न्हाई."

"आं?"

"ह्यो माझा हाय."

मला कळंना. तवा त्येंनी सांगितलं. ही लेन्स नवी हुती तवा आठवडी बाजारात एक माणूस चामड्याचं फडकं इकत हुता. म्हणला, हरणाचं कातडं हाय, परदेशात काचा ह्यानंच पुसत्यात. दुकानातल्याच्या पाव किमतीत. चाचांनी घेतलं. घरी येऊन एकदा पुसलं, आन् हरणाच्या कातड्यात शिवणीतला तारंचा तुकडा निघाला. रेक्झिन हुतं. कुणाच्या तरी जीपच्या सीटचं.

"तवा तुझी चाची मला काय म्हणली सांगू? म्हणली, हरीण बी तुमाला बगून हसत असंल."

मी म्हणलं, "म्हंजे ती लेन्स तुमी कुणाच्या हातात देत न्हवता ते..."

"मग काय! तुमास्नी वाटलं, म्हाताऱ्याचा जीव हाय. जीव कुठला, लाज हुती. तालुक्याला फोटो शिकवणारा माणूस, बाजारातल्या फडक्याला फसला, कुणाला सांगू?"

मी खाली बसून हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. चाचा बी हसायला लागलं. त्येंच्या मांडीवर लेन्स हलायला लागली, ती मी धरली.

"पण फोटो?" मी म्हणलं. "फोटोत दिसत न्हाई?"

"तुझ्या लग्नाचं फोटो कशातनं काडलं? ह्याच वरखड्यातनं काडलं. दिसला कवा?"

मी आठवून बगितलं. माझ्या लग्नाच्या फोटोत वाईट एकच गोष्ट हाय, ती मी.

"दिव्याच्या तोंडाला धरू नको," चाचा म्हणालं, "समोरनं उजेड आला की पांढरं पसरतं. आपल्या पाठीवर उजेड घे. इतकंच. एवढी वर्सं मी तेच करत आलोय, लोकांस्नी वाटतंय माझी स्टाईल हाय."

मग लेन्स परत तिरकी करून त्येंनी कडेला बोट दाखवलं. तितं एक बारकी, अर्धा इंच सुदिक न्हाई अशी पांढरट रेघ. "आन् ह्यो तुझा," ते म्हणालं. "बारका हाय. शिकशील हळूहळू."

रविवारी निकाह झाला. उजेड पाठीवर घेतला. फुगा खिशात, ते पेन घरी. पेन अजून हाय, बायको त्येच्या ब्रशनं गॅसच्या बर्नरची भोकं साफ करती. म्हणती, लई चांगलं घेतलंसा. लगीनघरातली पोरं मला इचारत्यात, दादा, असलं स्वस्तातलं घ्यावं का? मी म्हणतो, फुगा घ्या बिनधास्त, हवा काय ओरिजिनल डुप्लिकेट नसती. पण काचंला जे टेकतं, ते छत्रीखालनं घिऊ नका. आन् घेतलंच, तर मला दाखवू नका. माझ्या कानात खर्र वाजतं.

महिन्याभरानं अल्बम घिऊन मुरगूडला गेलो. पाठवणीचा फोटो मधी हुता. लेक वळून बगतीय, मागचा मांडव इरघळलाय, आन् तिच्या डोळ्यात पाणी हाय ते पाण्यागतच दिसतंय. चाचांनी तो फोटो लई येळ धरला. अल्बम हलत हुता, मी खालनं हात लावला. मग ते उठलं, भितीतल्या देवळीतनं भिंग आणलं, आन् फोटोच्या वरच्या कडेपासनं मधापतूर हळूहळू बगत आलं.

"न्हाई," ते म्हणालं.

मी भिंग घेतलं आन् कडेला माझा वरखडा हुडकला. पान उलटलं, फुडचं बगितलं.

"माझा बी न्हाई, चाचा."

"फुडचं बघ. नीट बघ."

लेक माहेरी आलती. दारातनं इचारलं, "अब्बा, काय शोधताय दोघं एवढं? काय राहिलंय का काडायचं?"

"काय न्हाई," चाचा म्हणालं, आन् भिंग माझ्याकडं सरकवलं. "तुझा नवरा सगळ्यांत हसलाय का बगतोय."